काँटेसातला गारवा कोण पळवतो?

प्रकरण पहिले : चोरीची वर्दी

ज्या चोरीची हकीकत मी येथे निवेदन करणार आहे, तीत सोने गेले नाही, भांडे गेले नाही, खुराड्यातील कोंबडीसुद्धा गेली नाही. गेला तो केवळ गारवा. परंतु वैशाखाच्या वणव्यात सावली तालुक्यातील मनुष्याला गारव्याहून मौल्यवान असे दुसरे काय असते, हे सुज्ञ वाचकांनीच सांगावे.

माझे नाव लच्छू. गडचिरोली मार्गावर एका कडुनिंबाखाली माझे टायर-पंक्चरचे दुकान आहे, आणि त्याच कडुनिंबाच्या दुसऱ्या अंगाला माझे परममित्र धनराज यांचे गाड्यांच्या एसी दुरुस्तीचे दुकान आहे. सावली एक, गिऱ्हाईक वेगळे, असा आमचा अनेक वर्षांचा शेजार. धनराज हे अल्पभाषी गृहस्थ आहेत. ते विचारात पडले म्हणजे कानामागची पेन्सिल काढून तिचे टोक न्याहाळतात. लिहीत मात्र कधीच नाहीत.

त्या सकाळी बापूजी नागापुरे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आमच्या सावलीत आले. मागे त्यांची पांढरी काँटेसा मोटार उभी होती. तिचे वय झाले असले तरी तिचा डौल एखाद्या माहेरवाशिणीसारखा टिकून होता.

"धनराज, माह्या गाडीत चोरी झाली," बापूजी म्हणाले.

"काय गेलं जी?"

"गारवा."

मला हसू आले, पण बापूजींचा चेहरा पाहून ते मी गिळले.

"घरून निघालो का अशी थंडी मारते, का आमच्या दिव्यानीची माय पदर कानावर घेते," बापूजी सांगू लागले. "अन् व्याहाड गेलं, वैनगंगेचा पूल दिसाले लागला, का भट्टी! घटकाभर झाडाखाली उभी केली तं पुन्हा गार. थोडं चाललं का पुन्हा गायब. चंद्रपूरच्या मेकॅनिकनं पट्टा बदलला, मंग गॅस भरला, मंग पुन्हा गॅस भरला. त्याच्या गॅरेजात गाडी बर्फासारखी राह्यते. रस्त्यावर आली का चोर हजर!"

"दुसरी गाडी करा ना जी," मी सहज बोलून गेलो.

बापूजींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून तिच्यातले बुडबुडे मोजण्याचे सोंग केले.

त्या नजरेचे कारण सांगणे येथे अगत्याचे आहे. बापूजी आणि त्यांच्या पत्नी गोकुळाबाई यांनी उभे आयुष्य तळ्याच्या मासोळीवर काढले. बापूजी जाळे टाकीत आणि गोकुळाबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजारोबाजार विकीत. एसटीत बसल्या, तर वासामुळे लोक नाक दाबीत आणि वाहक त्यांना मधल्याच फाट्यावर उतरवून देई. पुढे बापूजींना तळ्याचा ठेका मिळाला, दिवस पालटले, आणि त्यांनी खाणीवरच्या एका साहेबाची ही जुनी थंडगार मोटार विकत घेतली. आणताना ते पत्नीला एवढेच म्हणाले होते, "बस. आता तुले कोनी उतरवत नाई."

आणि आता तीच गाडी तिला उतरवू पाहत होती. गेल्या उन्हाळ्यात गोकुळाबाईंना ऊन लागून त्या मरणाच्या दारातून परत आल्या होत्या. गारव्याशिवाय प्रवास नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. रविवारी सिरोंच्याला लेक दिव्यानीच्या बाळाचे बारसे होते. पुत्र राजदीप याने जुन्या गाड्या घेणारा एक नागपूरचा मनुष्य शोधून ठेवला होता.

"पोराले शब्द देऊन बसलो," बापूजी हळू आवाजात म्हणाले. "शुक्रवारी गडचिरोलीपर्यंत नेऊन पाहू. रस्त्यात तापली, तं शनिवारी किल्ली त्या मानसाच्या हातात. दिव्यानीची माय भाड्याच्या गाडीत जाईन सिरोंच्याले. जाईन ती. पन तिचं तोंड मले पाहवनार नाई."

धनराजांनी कानामागची पेन्सिल काढली.

"बापूजी," ते म्हणाले, "गाडी घरी न्या. मी तिथीच येतो. चोर गाडीत नसला तं घरात असंन."

प्रकरण दुसरे : तीन जबान्या

नागापुऱ्यांचे घर तळ्याच्या पाळीजवळ आहे. ओसरीवर कूलर घुमत होता आणि त्याच्या नव्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, सुगंध अंगणापर्यंत दरवळत होता. आम्ही प्रथम गाठले ते चालक इस्तारी यांना. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असा ठासलेला होता, की प्रत्येक उत्तरापूर्वी त्यांना अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यावे लागे.

"इस्तारीभाऊ, एसी चालू असला का काचा बंद," धनराज म्हणाले. "मंग तुमी थुकता कुठी?"

हा प्रश्न ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. हेतू सापडला होता! गारवा मेला, की काच उघडणार, आणि काच उघडली, की इस्तारीभाऊंचा खर्रा मोकळा होणार!

इस्तारीभाऊ कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. "खोटं काऊन बोलू? दोनेकदा म्या बटन बंद केलं गपचूप. काच खाली केली, थुकलो, पुन्हा चालू केलं. पन ते व्याहाडच्या अलीकडे. पुलापाशी जे होते, त्याच्यात माहा हात नाई. आईची आन."

"पुलापाशी गाडीचा काटा काय म्हनते?"

"इंजिनचा? तोई चढते जी वर. दोघंही एकदमच तापते."

धनराजांनी पेन्सिलीचे टोक बराच वेळ न्याहाळले.

दुसरी जबानी राजदीप याची. हा ब्रह्मपुरीला मोबाईलचे दुकान चालवतो. बुधवारी सकाळी तो एकटाच गाडीच्या तोंडाशी वाकलेला शेजाऱ्यांनी पाहिला होता. धनराजांनी तसे स्पष्ट विचारताच तो चिडला.

"इंजिन नंबरचा फोटो काढून राह्यलो होतो. त्या गिऱ्हाइकाले पाठवाले. मी बाबाची गाडी बिघडवीन काय?"

"विकाची तं आहे ना तुले?"

"हो, आहे! मायले मागच्या साली दवाखान्यात कोनी नेलं? मीच. तिच्या डोक्यावर बर्फ कोनी धरला? मले नवीन गाडीचा शौक नाई, धनराजभाऊ. मले माय पाह्यजे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते लपवण्यासाठी तो मोबाईल पाहू लागला. माझा संशय तेथेच डळमळला.

गोकुळाबाई ओसरीच्या खांबाला जाळे बांधून त्याच्या फाटक्या घरांना गाठी मारीत बसल्या होत्या. त्यांची बोटे पाहत राहावे अशी चालत होती.

"बसा बाबू. लच्छू, तूई बस. लेकाचा वाळून गेला रे तू! बायको जेवाले देत नाई काय?"

"देते बाई, पन शिव्या जास्त देते," मी म्हणालो.

"मंग पोट भरत असंन."

धनराज हसले नाहीत. ते कूलरकडे पाहत होते. "बाई, खस नवा भरला वाटते."

"राजदीपनं आनला. वास चांगला आहे ना?"

"लय चांगला. अन् उरला तो?"

गोकुळाबाईंची बोटे क्षणभर थांबली. "उरलं ते कामी लागलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गाठ मारू लागल्या. "गाडीचं काय म्हनता बाबू? ती म्हातारी झाली. मानसासारखीच असते तीई. तिलेही ऊन लागत असंन."

आम्ही निघालो, तेव्हा मी गाडीजवळ थबकलो. टायर पाहणे हा माझा व्यवसाय असल्याने माझी दृष्टी नेहमी जमिनीकडे असते. काँटेसाच्या पुढच्या नंबर पाटीखालच्या फुफाट्यात पाणी ठिबकून वाळल्याचे डाग होते. कडा काळसर आणि मध्ये बारीक खड्डे. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "धनराज, हे पाह्य! एसीचं पानी!"

धनराज गुडघ्यावर बसले. मग त्यांनी गाडीच्या पोटाखाली, डाव्या बैठकीच्या पायांच्या जागी बोट दाखवले.

"एसीचं पानी तिथी पडते, लच्छू. हे नाकातून पडलं. गाडीले नाकातून पानी येत नाई."

"मंग हे पानी कोनाचं?"

"चोराचं," धनराज म्हणाले.

प्रकरण तिसरे : चोर आज बसला नव्हता

गुरुवारी भर दुपारी धनराजांनी एक धाडसी प्रयोग केला. इस्तारीभाऊंना घरी ठेवून त्यांनी स्वतः चक्र हाती घेतले. मागे बापूजी आणि राजदीप बसले. पुढे मी बसलो. सूर्य जणू आमच्या टपावरच येऊन बसला होता. डांबर वितळून टायरला चिकटत होते. व्याहाड आले. वैनगंगेचा पूल आला, तिच्या कोरड्या वाळूचा पसारा दिसला, आणि मागे पडला. गारवा तसाच! गडचिरोली आली. आम्ही चहा प्यालो आणि त्याच गारव्यात सावलीला परतलो.

"इस्तारीच चोर!" मी बापूजींच्या दारातच जाहीर केले.

"म्या काय केलं जी!" अंगणाच्या कोपऱ्यातून आवाज आला.

बापूजी तर गाडीच्या टपावरून हात फिरवीत राहिले. राजदीपही ओशाळून हसला. एकटे धनराज गंभीर होते. आमच्या कडुनिंबाखाली आलो, तेव्हा मी त्यांना कारण पुसले.

"गाडीत दोष नाई, लच्छू. गॅस बरोबर, पट्टा बरोबर, पंखा बरोबर. पन शुक्रवारी पुलापाशी ती पुन्हा तापनार."

"काऊन?"

"चोर आज गाडीत बसला नव्हता म्हून."

मी मनातल्या मनात उजळणी केली. आज गाडीत कोण नव्हते? इस्तारीभाऊ नव्हते, हे खरे. परंतु चंद्रपूरच्या गॅरेजात गाडी नेत ती इस्तारीभाऊच, आणि तेथे ती नेहमी गार राहत असे. मग तेथेही नसलेले आणि आजही नसलेले असे माणूस राहिले तरी कोण?

माझ्या अंगावर, त्या उकाड्यातही, काटा आला.

"धनराज! ते तं..."

"नाव घेऊ नको," ते म्हणाले. "ज्याच्यावर संशय घेनं पाप वाटते, असा चोर आहे हा. मले तो सापडला. सांगू कसा, ते सापडून नाई राह्यलं."

प्रकरण चौथे : वैनगंगेच्या अलीकडे

शुक्रवार उजाडला. बापूजींनी गाडीला स्वहस्ते हार घातला होता. गोकुळाबाई नव्या लुगड्यात पुढे बसल्या, मांडीवर पाण्याचा मोठा थर्मास. इस्तारीभाऊ चक्रावर. बापूजी, राजदीप आणि धनराज मागे दाटीने बसले, आणि मी राजदीपच्या मोटारसायकलवरून त्यांच्या पाठीमागे निघालो. गाडीत पुढे काय घडले, ते मला मागाहून धनराजांनी सांगितले, तसेच येथे देतो.

निघताना गाडीत गोड, मातकट सुगंध भरला होता. गारवा इतका, की गोकुळाबाईंनी पदर कानावर घेतला. व्याहाड मागे पडले. हवा कोमट झाली. मग गरम. इंजिनाचा काटा चढू लागला.

"झालं," राजदीप म्हणाला. त्याच्या स्वरात आनंदाचा लवलेशही नव्हता.

बापूजी काचेबाहेर पाहू लागले. "इस्तारी, थांबव त्या मोहाच्या झाडाखाली."

सर्व उतरले. मीही पोहोचलो. बापूजी गाडीकडे पाठ करून उभे राहिले. राजदीपने खिशातून मोबाईल काढला आणि तो हातातच धरून ठेवला. गोकुळाबाई थर्मास घेऊन हळूच गाडीच्या तोंडाकडे चालल्या.

"बाई," धनराज अत्यंत मृदू स्वराने म्हणाले, "घटकाभर थांबता काय? मले काही सांगाचं आहे सगळ्याईले."

गोकुळाबाई जागच्या जागी थबकल्या. थर्मासचे झाकण त्यांच्या हातात अर्धवट फिरलेले राहिले.

प्रकरण पाचवे : उकल

मोहाच्या सावलीत धनराजांनी जे प्रतिपादन केले, तसे मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. एरवी दोन वाक्यांनंतर थकणारे हे गृहस्थ त्या दिवशी जणू न्यायासनावर बसले होते.

"गॅस गळत असता, तं झाडाखाली उभी केल्यानं गारवा परत आला नसता. तार तुटली असती, तं काल मी नेली तवाही बंद पडली असती. इस्तारीभाऊनं बटन दाबलं असतं, तं इंजिनचा काटा काऊन चढला असता? एसी अन् इंजिन, दोघंही एकदम तापते. या दोघाईत एकच गोष्ट सारखी आहे. दोघंही गाडीच्या नाकातून हवा घेते. समोरच्या जाळीतून. एकामागं एक."

"मंग?" बापूजींनी मान वळवली.

"मंग कोनी नाक दाबलं, तं दोघाईचा जीव गुदमरन. एसीच्या नळ्याईत दाब वाढते. फुटू नये म्हून एक स्विच राह्यते, तो कॉम्प्रेसर बंद करते. गारवा कोनी चोरला नाई, बापूजी. गाडीनंच जीव वाचवाले श्वास रोखला."

"पन नाक कोनी दाबलं?" राजदीपने विचारले.

धनराज थांबले. त्यांनी पेन्सिल काढली आणि परत ठेवली. बापूजी, राजदीप, इस्तारीभाऊ सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मोहाच्या फांदीवर एक कावळा चोच उघडी टाकून धापा टाकीत होता.

"मी दाबलं," गोकुळाबाई म्हणाल्या.

त्या गाडीच्या पुढे वाकल्या. बंपरच्या वरच्या फटीतून त्यांनी हात घातला, दोन गाठी सोडल्या आणि जाळीच्या आतून एक चपटी ताटी ओढून काढली. जुन्या मासोळीच्या जाळ्यात खस भरून ती शिवली होती. टाके इतके सफाईदार, की पाहत राहावे. मात्र समोरच्या अंगाने रस्त्याच्या धुळीचा लगदा बसून, वाळून, तिची भाकरीसारखी पापडी झाली होती. वरच्या पत्र्याच्या पट्टीमुळे बॉनेट उघडूनही ती कोणाला दिसली नव्हती. समोरून दिसे तो जाळीच्या आतला नेहमीचाच अंधार.

"पयल्यांदा एसी बिघडला तवा राजदीप म्हने, विकून टाकू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. पाहत मात्र फक्त बापूजींकडे होत्या. "म्या म्हटलं, हिचं काय चुकलं? ऊन लागलं तिले. टोपलीवर ओलं पोतं टाकलं का मासोळी मूल गावच्या बाजारापर्यंत ताजी राह्यते. कूलरले ओला खस लागते. मंग हिलेही लागन. मी गाडीत बसनार असली का सकाळी भिजवून बांधत होती, रस्त्यात थांबलो का थर्मासातलं पानी टाकत होती. टाकलं का गार होये! मले वाटे, माह्यामुळंच चालून राह्यली बिचारी. अन् म्या तं तिचा गळाच..."

त्यांनी पदराने ताटीवरची धूळ झटकली.

"पट्टा बदलला तवाच गाडी बरी झाली होती, बाई," धनराज म्हणाले. "ओली होती तवरोक तुमची ताटी मदतच करत होती. वाळली अन् धूळ बसली, का भिंत होये. तुमची समज खोटी नाई. फक्त टोपलीतली मासोळी श्वास घेत नाई, गाडी घेते."

"सांगितलं काऊन नाई, माय?" राजदीप म्हणाला.

"हसले असते तुमी. अन् तुह्या बाबाले गाडीले कोनी हात लावलेला चालत नाई."

बापूजी पुढे आले. सारे दोन पावले मागे सरले, कारण गाडीच्या बाबतीत बापूजींचा राग तालुक्यात प्रसिद्ध आहे. त्यांनी ती ताटी हातात घेतली, तिची एक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली.

"दुहेरी गाठ मारली तू," ते म्हणाले.

"रस्त्यात सुटू नये म्हून."

"ही गाठ म्याच शिकवली होती तुले."

"शिकवली होती, पन तुमची सुटते," गोकुळाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि बापूजी एवढ्या मोठ्याने हसले, की तो कावळा उडून गेला.

परंतु शब्द तो शब्द. गडचिरोली अद्याप यायची होती. इंजिन निवल्यावर सारे पुन्हा गाडीत बसले. राजदीपने ताटी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. पूल आला. गारवा होता. पूल संपला. गारवा होता. इंजिनाचा काटा आपल्या जागी शांत बसून होता. लहानपणी एसटीच्या त्याच वाहकांनी उतरवल्यावर आईचे बोट धरून, ओल्या पोत्याच्या वासात घरी चालत गेलेला हा मुलगा ती खसाची ताटी नाकाशी धरून बसला होता, असे धनराज सांगतात. गडचिरोलीच्या चौकात त्याने मोबाईल कानाला लावला.

"गाडी विकाची नाई जी," तो म्हणाला. "काय बिघाड होता? बिघाड नव्हता. माया जास्त झाली होती."

रविवारी ती मंडळी पहाटेच सिरोंच्याला रवाना झाली. चामोर्शी, आष्टी, आलापल्लीचे जंगल, सगळीकडे गारवा अखंड राहिला. फक्त इस्तारीभाऊंसाठी गाडी वारंवार थांबली, आणि शेवटी गोकुळाबाईंनी त्यांची खर्ऱ्याची पुडी आपल्या थैलीत जप्त केली.

दुपारी राजदीपने आम्हांस मोबाईलवरून तेथील दृश्य दाखवले. पाळण्यामागच्या खिडकीत तीच ताटी बांधलेली होती, धूळ धुऊन, नवीन भिजवून. तिच्यासमोर एक पंखा फिरत होता. बाळ तोंड उघडे टाकून निवांत झोपले होते, आणि गोकुळाबाई थर्मासातले पाणी ताटीवर शिंपडीत होत्या.

"अन् गाडी कुठी आहे?" धनराजांनी काळजीने विचारले.

राजदीपने मोबाईल अंगणाकडे वळवला. काँटेसा चिंचेखाली उभी होती. तिच्या टपावर एक ओले लुगडे नीट पसरलेले होते आणि चारही कोपऱ्यांना दुहेरी गाठी मारलेल्या होत्या.

समोरची जाळी मात्र मोकळी होती.